नागपूरची अदिती आणि अंटार्क्टिकाचा बर्फ

"मामा, भारताच्या अंटार्क्टिका मोहिमेत पहिल्यांदा कोण बाई गेली?" दिवाळीत सौंसरला बहिणीकडे गेलो होतो, तेव्हा बारावीतल्या भाचीने विचारले. मी बीई झालेलो, दिवसभर कम्प्युटरसमोर बसणारा. पण अमुंडसेन आणि स्कॉटच्या पुढे गाडी सरकेना. शेवटी तीच म्हणाली, "अदिती पंत. आपल्या नागपूरच्या!"

पांढुर्ण्याहून दवाखान्यापासून लग्नाच्या बस्त्यापर्यंत सगळ्यासाठी आपण ज्या नागपूरला धावतो, तिथे १९४३ साली त्यांचा जन्म झाला. समुद्र तिथून किती लांब! पण ॲलिस्टर हार्डी यांचे 'द ओपन सी' हे पुस्तक हाती आले आणि समुद्रच शिकायचा असे त्यांनी ठरवले. पुण्यात बीएस्सी, हवाई विद्यापीठात एमएस, लंडनला पीएचडी, मग गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम. डिसेंबर १९८३ मध्ये गोव्याहून भारताची तिसरी मोहीम निघाली. तिच्यात अदितीताई आणि जादवपूरच्या भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता अशा दोघी होत्या. 'दक्षिण गंगोत्री' हे आपले पहिले ठाणे ह्याच मोहिमेत उभे राहिले. ठाण्याचे नाव आम्ही शाळेत पाठ केले, ह्या दोघींची नावे मात्र कानावर आली नाहीत.

अदितीताईंचा अभ्यास समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींचा. त्या खाऊन क्रिल जगतात आणि क्रिलवर पेंग्विन, देवमासे. बर्फाच्या दुनियेची शिदोरी म्हणा ना!

तिकडे अमेरिकेतही वेगळे नव्हते. अमुंडसेन दक्षिण ध्रुवावर पोहोचला १९११ साली. बायकांचे पाऊल तिथे पडायला १९६९ उजाडले. अमेरिकी नौदल बायकांना न्यायलाच तयार नव्हते. अखेर सहा जणी हातात हात गुंफून विमानातून एकदमच उतरल्या, पहिली कोण हा वादच नको! आपल्या इस्रोच्या मंगला मणी तर छप्पन्नाव्या वर्षी 'भारती' ठाण्यावर वर्षभराहून जास्त राहून आल्या, २३ जणांच्या चमूत एकट्या बाई.

भाचीने हे सगळे उगाच वाचलेले नव्हते. तिला सागरविज्ञान शिकायचे आहे. घरचे म्हणतात, "नागपूरलाच बीएस्सी कर, एवढ्या दूर मुलीला कशाला पाठवायचे?" त्या दिवशी दाजींनी माझे मत विचारले, तेव्हा मी "बघू" म्हणून चहाचा कप तोंडाला लावला. भाची काही बोलली नाही, उठून आत गेली.

येत्या रविवारी दाजींशी बोलायला पुन्हा सौंसरला जातोय.