हिमोफिलिया आणि हृदयशस्त्रक्रिया

• हिमोफिलिया ‘ए’मध्ये रक्त गोठवणारा फॅक्टर ८ कमी, ‘बी’मध्ये फॅक्टर ९. पातळी १ टक्क्याहून खाली असेल तर आजार तीव्र.

• हार्ट-लंग मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन द्यावेच लागते, हिमोफिलियाच्या रुग्णालाही. मशीन बंद झाल्यावर प्रोटामिन देऊन त्याचा परिणाम उतरवतात. शस्त्रक्रियेआधीच फॅक्टरची पातळी साधारण ८० ते १०० टक्क्यांवर आणलेली असते. फॅक्टर ८ सुमारे १२ तासांत निम्मा होतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतरही, जखम भरेपर्यंत, डोस चालू.

• इन्हिबिटरची तपासणी आधी. फॅक्टरविरुद्धची ही प्रतिपिंडे जास्त असतील तर नेहमीचा फॅक्टर लागू पडत नाही.

• झडप बदलायची असल्यास शक्यतो जैविक. यांत्रिक झडपेसाठी रक्त गोठू न देणारे वॉरफरिन जन्मभर घ्यावे लागते.