उत्तरपूजा

पहाटे साडेपाच

फोन स्वयंपाकघरातल्या फडताळात असतो आणि सातपर्यंत तिथेच राहतो. चहाला उकळी येईतो मी गॅलरीतल्या तुळशीला पाणी घालते. आई घालायची म्हणून घालते. त्यात श्रद्धा किती आणि सवय किती, याचा हिशेब मी कधी मांडला नाही. लोकांचं मन ऐकणं हा माझा धंदा असल्यामुळे डोळे उघडताच पहिला विचार येतो तो काल ऐकलेल्या कुणाच्या तरी दुःखाचा. तो येणारच. त्याच्याशी भांडण्यापेक्षा हाताला काम दिलेलं बरं.

हे आपल्याकडच्या बायकांना फार पूर्वी ठाऊक होतं. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी मुळशी-मावळापासून सुरुवात करून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या चाळताना मला दर वेळी थेरपीची खोली दिसते. पहाटेची वेळ ठरलेली, बसायची जागा ठरलेली, समोर ऐकणारी एक जण आणि हाताची एकच लय. आधी देवाचं, मग आईबापाचं, भावाचं, आणि मग सासरचं जे एरवी बोलायची सोय नाही ते. माझं सर्वाधिक लक्ष जातं ते मात्र शेवटाकडे. दळण संपलं की गाणंही थांबायचं. पीठ भरून ठेवायचं, जातं पुसायचं आणि उठायचं. दुःख संपलेलं नसे, पण त्या दिवसापुरती त्याची बैठक मोडलेली असे.

नऊ

कोथरूडमधल्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर माझी खोली आहे. झाडू मी स्वतः मारते. खुर्च्या सरळ करते, कालचा पाण्याचा तांब्या विसळून भरते, आणि दाराशी उभी राहून आज येणाऱ्यांची नावं मनात एकदा घेते. पूजेच्या आधी गुरुजी संकल्प सोडतात तेव्हा कोणता संवत्सर, कोणता मास, कोणती तिथी, गोदावरीच्या कोणत्या तीराला आपण बसलो आहोत, इतकं सगळं उच्चारून मग कशासाठी बसलो ते सांगतात. लहानपणी हा भाग कंटाळवाणा वाटायचा. आता वाटतं, मन भरकटलेल्या माणसाला इथं आणि आत्ता आणून बसवण्याचा याहून नेटका मार्ग मला कुठल्याच प्रशिक्षणात शिकवला गेला नाही.

खोलीत देवाची तसबीर नाही. घेतली तेव्हा कोपऱ्यात छोटा गणपती ठेवायचा आग्रह घरून झाला होता. पण माझ्याकडे येणाऱ्यांत मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि आंबेडकरी घरांतली बरीच मंडळी आहेत. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत गणपतीची पूजा न करण्याची प्रतिज्ञाही आहे. ज्याच्या आजोबांनी ती घेतली, तो माझ्या दारात पाऊल टाकताना त्या मूर्तीकडे पाहून काय समजेल? थेरपिस्टचा विधी थेरपिस्टचाच असावा. तो समोरच्याच्या अंगावर पडता कामा नये. म्हणून माझ्याकडे फक्त पाणी आहे. पाण्याला कुणी हरकत घेत नाही. अर्थात चवदार तळ्याच्या या राज्यात पाणीही कधीच निव्वळ पाणी नव्हतं, हे मला विसरता येत नाही.

दहा

येणारा माणूस पन्नाशीचा. (इथल्या सगळ्यांचे तपशील मी बदलले आहेत, दोघातिघांचे एकात मिसळले आहेत.) त्याचे वडील एप्रिल 2021 मध्ये करोनाने गेले. रुग्णालयातून थेट स्मशानात. चेहरा दिसला नाही, खांदा दिला नाही, दहावा-तेरावा कुणाला बोलावून करता आला नाही. त्यानंतर हा माणूस वडिलांच्या नावाचं बँक खातं बंद करायला तयार नाही. बायको वैतागली आहे. औषधांनी झोप सुधारली, पण खात्याचा विषय निघाला की तो खोलीतून उठून जातो.

दुःखावर वेळ हेच औषध, असं आपण म्हणतो. मला ते अर्धंच खरं वाटतं. वेळ काम करतो तो त्याला टप्पे दिले तर. दहाव्याला कावळा शिवायची वाट पाहत नदीकाठी ताटकळलेली माणसं मृताच्या राहिलेल्या इच्छा मोठ्यानं आठवतात, "पोरीचं लग्न आम्ही करू" अशी वचनं देतात. कावळ्याविषयी तुमचं मत काहीही असो, जाणाऱ्याचं अपुरं काम चारचौघांत वाटून घेण्याची ती सभा असते. या माणसाला ती सभाच मिळाली नव्हती.

मी त्याला कोणताही विधी सुचवला नाही. एवढंच विचारलं, "वडील असते तर त्यांनी कुणाला जेवायला बोलावलं असतं?" त्याचं उत्तर यायला बरेच आठवडे गेले. वडील एसटीत कंडक्टर होते. गेल्या रविवारी त्याने त्यांच्या डेपोतल्या हयात मित्रांना घरी बोलावलं. मटण केलं. म्हाताऱ्यांनी वडिलांचे असे किस्से सांगितले की, आज तो ते सांगताना हसत होता आणि मध्येच रडत होता. निघताना एका मित्राने त्याच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, "आता तू सुट, बाबा."

खात्याचा विषय आज त्यानेच काढला. मी काढला नाही.

अकरा

पुढची भेट साडेअकराला. मधला वेळ मी कुणालाही देत नाही. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ अर्विन यालोम यांनी 2002 च्या 'द गिफ्ट ऑफ थेरपी'मध्ये तरुण थेरपिस्टना दोन भेटींमध्ये मोकळा वेळ ठेवायला सांगितलं आहे. पण त्या मोकळ्या वेळात काय करायचं, याचं उत्तर मला सापडलं ते गणपतीत.

चतुर्थीला आपण प्राणप्रतिष्ठा करतो. पण मूर्ती नुसती उचलून नदीवर नेत नाही. आधी उत्तरपूजा होते, हातावर दही ठेवलं जातं, आणि मग मूर्ती जागची किंचित हलवतात. त्या हलवण्यापाशी पाहुणा निघालेला असतो. पुढची मिरवणूक ही त्यानंतरची गोष्ट. आम्हा थेरपिस्टना आवाहन उत्तम शिकवलं जातं. समोरच्याला आत येऊ द्या, त्याच्या डोळ्यांनी जग पाहा, त्याचं दुःख स्वतःच्या अंगात उमटू द्या. कार्ल रॉजर्सपासून सगळ्यांनी हेच सांगितलं, आणि ते खरंच आहे. पण आलेल्याला निरोप कसा द्यायचा, हा तास अभ्यासक्रमात नव्हता. मग एकामागून एक मूर्ती घरात बसत जातात. विसर्जन कुणाचंच नाही.

म्हणून तो माणूस गेल्यावर मी आधी त्याची खुर्ची जराशी हलवते. तीन-चार ओळींची नोंद लिहून फाइल मिटते. मग बेसिनपाशी जाऊन मनगटापर्यंत हात धुते आणि मनात म्हणते, "तुमचं तुमच्यापाशी, माझं माझ्यापाशी. गुरुवारी भेटू." एवढंच. यात गूढ काही नाही. अंत्ययात्रेहून आल्यावर आपण दारातच पाय धुतो, तेव्हा मृत्यू पाण्यानं जातो असं कुणी मानत नाही. घरात कोणत्या पावलांनी शिरायचं, ते त्या पाण्यानं ठरतं.

विसर्जनानंतर पाटावर नदीची थोडी वाळू घरी आणतात. माझ्याकडेही कुणाचं ना कुणाचं काहीतरी उरतं. तेवढं उरावं, नाहीतर मी कोरडी होईन.

साडेअकरा

आता जी येते, तिच्यामुळे माझ्या या सगळ्या पाण्याच्या तत्त्वज्ञानाची परीक्षा होते. निवृत्त शिक्षिका. सकाळची पूजा साडेतीन तास चालते. फूल पाकळीनं चुकलं, पदर निरांजनाला लागल्यासारखा वाटला की पुन्हा पहिल्यापासून. हात धुऊन धुऊन चिरा पडल्या आहेत. घरचे म्हणतात, किती धार्मिक! ती धार्मिक आहे, शिवाय तिला ओसीडी आहे, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

फ्रॉइड यांनी 1907 मध्ये एका निबंधात सक्तीच्या कृती आणि धार्मिक विधी यांच्यातलं साम्य दाखवलं आणि धर्मालाच साऱ्या मानवजातीचा मनोविकार ठरवण्यापर्यंत ते गेले. साम्य त्यांनी अचूक टिपलं, निष्कर्षात घाई केली. ओसीडीतला विधी कधी संपतच नाही, कारण तो पुरेसा झाला असं सांगणारं कुणी नसतं. भीती उतरावी म्हणून तो केला जातो आणि दर वेळी भीती थोडी वाढवून परततो. उपचारात आम्ही उलट दिशेनं जातो. भीती वाटू द्यायची, कृती करायची नाही, आणि भीती आपोआप ओसरते का ते पाहायचं. गेल्या महिन्यापासून एक चुकीचं फूल तसंच ठेवायचं, हा तिचा गृहपाठ आहे.

"देवाला चालेल का?" तिनं विचारलं होतं.

देवाच्या वतीनं बोलायचा परवाना माझ्याकडे नाही. मी म्हटलं, "तुमच्या गुरुजींना विचारा, पण एकदाच." एकदाच, कारण पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेणं ही याच आजाराची दुसरी वाट आहे. गुरुजी हसून म्हणाले, "अहो बाई, पूजेच्या शेवटी क्षमा मागतो ती कशाला? चुका होणार हे गृहीत धरूनच पूजा रचली आहे." माझ्या अनेक सेशननी केलं नसतं ते काम या एका वाक्यानं केलं.

ती गेली की मी हात धुते, आणि मला हसू येतं. हात धुवू नका, असं सांगून हात धुणारी बाई! म्हणून मी अधूनमधून मुद्दाम धूत नाही. त्या दिवशी काही बिघडत नसेल, तर विधी माझ्या ताब्यात आहे. बिघडायला लागलं, तर मलाही कुणाच्या तरी खुर्चीत जाऊन बसायला हवं.

एक

डबा. पोळी, भेंडी, ताक. शेजारच्या दंतवैद्य बाईंबरोबर जेवते. आमच्यात फक्त टोमॅटोच्या भावाविषयी आणि पाण्याच्या टँकरविषयी बोलायचा अलिखित करार आहे.

तीन

काही कागदपत्रं, एका मनोविकारतज्ज्ञांना फोन, आणि मग एक आई व तिचा एकोणीस वर्षांचा मुलगा. त्याला आवाज ऐकू येतात. एका देवऋष्याने बाधा म्हणून त्याला चटके दिले. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार हा गुन्हा आहे, हे मी आईला स्पष्ट सांगते. अध्यात्माला खोलीत जागा द्यायची म्हणजे असल्या गोष्टींपुढे गुळमुळीत व्हायचं, असा अर्थ मी कधीच घेणार नाही. मुलाची औषधं सुरू झाली आहेत. गुरुवारी दत्ताच्या देवळात जावं का, असं आई विचारते. "जरूर जा," मी म्हणते. "गोळी चुकवू नका, आणि त्याला बरं वाटेल तेवढा वेळच बसा."

साडेपाच

वेताळ टेकडी. पाऊस असला तरी. इथं मी काहीच मनात घेत नाही, चढते आणि उतरते. मोर दिसला तर बरं.

साडेसात

दर गुरुवारी आम्ही सहा-सात थेरपिस्ट ऑनलाइन भेटतो. आमचे ज्येष्ठ सर पक्के विवेकनिष्ठ. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत महाराष्ट्रात रुजवणाऱ्या कि. मो. फडके यांची पुस्तकं त्यांना जवळजवळ पाठ आहेत. माझं पाणीप्रकरण त्यांना ठाऊक आहे.

"अगं, हात धुऊन हट्ट जात नाही," ते म्हणतात. "'प्रत्येकाला मी बरं केलंच पाहिजे' हा तुझा हट्ट आहे. थकवा त्यातून येतो. तो विचार मोड."

"मोडतेच, सर. पण संध्याकाळी चारला पाचवा माणूस समोर असताना विचार मोडायला जी शुद्ध लागते, ती मला या पाण्यानं मिळते."

"मग पाणी नको, घड्याळ बघ. तेही चालेल."

"चालेल ना. तुमचं घड्याळ, माझं पाणी."

यावर आमचं कधीच एकमत होत नाही, आणि सरांशी होणारं हे भांडणसुद्धा माझ्या आठवड्यातला एक विधीच आहे, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आज मात्र एका शाळेत समुपदेशक असलेल्या मुलीने आमचा वाद थांबवला. "ताई, सर, माझ्याकडे दोन मुलांच्या मध्ये पाच मिनिटंसुद्धा नसतात. एक रडत बाहेर जातं, दुसरं दारात उभं असतं. वर बदली तासावर पाठवतात. मी पाणी पिऊ कधी आणि घड्याळ बघू कधी?"

तिचं ऐकून मला आठवलं, मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी 1974 मध्ये बर्नआउटवर, म्हणजे कामानं पार थकून जाण्यावर, लिहिलं ते न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या माणसांना पाहून. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणच्या, न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हटलं. म्हणजे दोष जिथं आहे तिथं बोट ठेवायला हवं. या मुलीला मी दिवा लावायला सांगितलं असतं, तर ते तिच्या मुख्याध्यापकांच्या सोयीचं झालं असतं. विधीला आधी रिकामी जागा लागते, आणि ती जागा मागून घ्यावी लागते. माझी खोली माझी आहे, म्हणून मला ती मागावी लागली नाही.

मग आम्ही सगळ्यांनी मिळून तिचं पत्र लिहायला घेतलं. मजकूर सरांनीच सांगितला, मी टाइप केला. दोन भेटींमध्ये दहा मिनिटं, दिवसाला जास्तीत जास्त सहा मुलं, बदली तास बंद, महिन्यातून एकदा शाळेच्या खर्चानं सुपरव्हिजन. प्रत्येक मागणीखाली एका ओळीत कारण. पाणी, पूजा, विसर्जन यांतलं त्यात काहीही नाही. मुलीने विचारलं, "'कृपया' किती वेळा लिहू?" सर म्हणाले, "एकदा. आणि प्रत संस्थेच्या सचिवांना पाठव."