डिव्हिडंड देणारे ‘सुरक्षित’ शेअर महाग झालेत का?

2024 च्या गणपतीत मी बडोद्याला काकांकडे गेले होते. आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि काकांनी मला हळूच बाल्कनीत बोलावलं. त्यांची दहा लाखांची एक एफडी संपत आली होती.

“अगं, सकाळच्या फिरायच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणतायत, आयटीसी घ्या. मंदी येवो, काही येवो, लोक आटा-बिस्किटं घ्यायचं थांबतात का? आणि सिगारेट तर नाहीच सुटत. वर दरवर्षी डिव्हिडंड. पेन्शनच समज!”

मी काही शेअर बाजारातली तज्ज्ञ नाही, इंग्रजीत बीए केलंय. पण घरात मोबाइलवर डीमॅट खातं फक्त माझं, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला. आणि काकांचं म्हणणं चूक नव्हतं. साबण, मीठ, औषधं, वीज, बिस्किटं यांची मागणी वाईट काळातही फारशी हलत नाही. अशा कंपन्यांच्या शेअरना बाजारात ‘डिफेन्सिव्ह’ म्हणतात. त्यांतल्या काही नफ्याचा मोठा भाग डिव्हिडंड, म्हणजे लाभांश म्हणून वाटून टाकतात. निवृत्त माणसाला आणखी काय हवं?

फक्त एक गोष्ट काकांनी विचारली नव्हती. हे सगळं कितीला मिळतंय?

आम्ही तिथेच मोबाइलवर हिशेब केला. आयटीसीने 2023-24 या वर्षासाठी एका शेअरमागे 13.75 रुपये डिव्हिडंड दिला होता. भाव होता 500 रुपयांच्या आसपास. म्हणजे शंभर रुपये गुंतवले तर वर्षाला पावणेतीन रुपये हातात. यालाच डिव्हिडंड यील्ड म्हणतात. दहा लाखांत 2,000 शेअर आले असते आणि वर्षाला साडेसत्तावीस हजार मिळाले असते. तेच दहा लाख पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 8.2 टक्क्यांनी ठेवले, तर 82 हजार.

काका गप्प झाले. मग म्हणाले, “पण त्या देशपांड्यांना तर भरपूर मिळतो म्हणे!” (आडनाव बदललंय. काकांच्या ग्रुपमधले लोकही हे वाचतात!)

मिळतच असणार, कारण त्यांनी 2021 मध्ये घेतले होते. तेव्हा हाच शेअर 210 रुपयांच्या आसपास पडून होता आणि सोशल मीडियावर त्याची थट्टा चालायची. 2020-21 चा डिव्हिडंड होता 10.75 रुपये, म्हणजे यील्ड पाच टक्क्यांच्या वर. त्या भावात दहा लाखांत साधारण 4,760 शेअर आले असते आणि 2023-24 च्या डिव्हिडंडने त्यांवर 65 हजारांहून जास्त दिले असते. कंपनी तीच, आटाही तोच, वर्षही तेच. फरक फक्त खरेदीच्या भावाचा.

मग महाग झाला, म्हणजे नेमकं काय झालं?

या तीन वर्षांत आयटीसीचा एका शेअरमागचा नफा साधारण 10.7 वरून 16.4 रुपयांवर गेला, म्हणजे दीडपट. भाव मात्र जवळजवळ अडीचपट झाला. 2021 मध्ये एक रुपया नफ्यासाठी लोक 20 रुपये मोजत होते, 2024 च्या गणपतीत 30. धंदा वाढला हे खरं, पण भाव त्याच्या बराच पुढे पळाला. आधी जो कंटाळवाणा शेअर कुणाला नको होता, तोच ‘सुरक्षित’ म्हणून सगळ्यांना हवासा झाला. माझ्या मते त्या भावात तो निवृत्तांसाठी महागच होता.

आणि चांगल्या कंपनीचा शेअर महागात घेतला, तर काय होतं? हिंदुस्तान लिव्हर, म्हणजे आजची हिंदुस्तान युनिलिव्हर, आठवा. घराघरात सर्फ, लाइफबॉय, लक्स. 2000 च्या सुरुवातीला बाजार तेजीत असताना ज्यांनी तो घेतला, त्यांच्यासाठी पुढची दहा वर्षं भाव जवळजवळ तिथल्या तिथेच घुटमळत राहिला. 2004 मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने एरियल आणि टाइडचे भाव कापले, तेव्हा लिव्हरलाही कापावे लागले. लोकांनी कपडे धुणं काही थांबवलं नव्हतं!

जास्त यील्ड म्हणजे स्वस्त, असंही नाही

हे मला स्वतःला उशिरा कळलं. यील्ड दोन कारणांनी वाढतं. एक तर डिव्हिडंड वाढतो, नाहीतर भाव पडतो. कोल इंडियाचा शेअर 2010 मध्ये लोकांना 245 रुपयांना विकला गेला. 2013-14 मध्ये कंपनीने 29 रुपये डिव्हिडंड दिला, 2019-20 मध्ये तो 12 वर आला. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये भाव 120 च्याही खाली होता. तेव्हा यील्ड दहा टक्के दिसत होतं, पण ज्याने 2010 मध्ये घेतला होता त्याचं मुद्दल अर्ध्याहून कमी झालं होतं. पुढे डिव्हिडंडही वाढला (2023-24 मध्ये 25.50) आणि भावही, पण तोवर दम धरणारे किती असतील?

वेदांताने तर 2022-23 मध्ये एका शेअरमागे 101.50 रुपये वाटले आणि पुढच्याच वर्षी 29.50. मागचा आकडा पाहून पुढचं घरखर्चाचं गणित मांडलं असतं, तर पंचाईतच!

म्हणून एका वर्षाचा आकडा न बघता निदान पाच-सात वर्षांचा बघा. एनएसईच्या आणि कंपनीच्या वेबसाइटवर तो फुकट मिळतो. नफ्यातला किती भाग वाटला तेही पाहा. 2020-21 मध्ये आयटीसीने जवळजवळ सगळा नफा वाटला होता. त्याहून जास्त वाटायचं तर घरातली साठवणच काढावी लागते.

आणखी एक. 1 एप्रिल 2020 पासून डिव्हिडंड तुमच्या उत्पन्नात धरला जातो आणि तुमच्या स्लॅबप्रमाणे त्यावर कर लागतो. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल, तर पावणेतीनचे दोनपेक्षा कमीच उरतात.

काकांनी शेवटी आठ लाख पोस्टात टाकले, दीड लाख बँकेत ठेवले आणि उरलेल्या पन्नास हजारांचे आयटीसीचे शंभर शेअर घेतले, “ग्रुपमध्ये बोलायला काहीतरी हवं ना” म्हणून. 2025 च्या फेब्रुवारीअखेर भाव 400 च्या आसपास आला. जानेवारीत हॉटेलचा धंदा वेगळा झाला होता, त्यामुळे त्यातली थोडी घट नुसती हिशेबाची होती. तरी सगळे दहा लाख तिथे असते, तर कागदावर दोन लाख कमी दिसले असते, म्हणजे सात वर्षांचा डिव्हिडंड.

त्या दिवशी काकांचा फोन आला. मला वाटलं, आता ओरडणार.

“अगं, 400 ला यील्ड किती येतं गं? साडेतीन ना?”

“हो काका, जवळजवळ.”

“मग अजून थांबतो,” म्हणाले, आणि फोन काकूकडे दिला.