टॉवर स्वदेशी झाला, पण त्यात आपला वाटा किती?

२७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथून पंतप्रधानांनी भारत संचार निगमच्या स्वदेशी फोर-जी जाळ्याचे उद्घाटन केले. सुमारे साडेसत्त्याण्णव हजार टॉवर त्या दिवशी राष्ट्राला अर्पण झाले. स्वदेशीच्या नावाने ढोल वाजले. देशात यंत्र बनले याचा आनंद आम्हालाही आहे. परंतु या यंत्रावर मालकी कोणाची, त्यातला रोजगार कोणाचा आणि त्याचा उपयोग कोणाला, हे तीन प्रश्न आंबेडकरी माणसाने विचारलेच पाहिजेत.

टॉवर म्हणजे नुसता लोखंडी सांगाडा नव्हे. त्यावरचे रेडिओ यंत्र आपल्या फोनशी बोलते आणि मागची मध्यवर्ती यंत्रणा कोणता कॉल कुठे जायचा ते ठरवते. निगमच्या या जाळ्यातील रेडिओ यंत्रे बंगळुरूच्या तेजस नेटवर्क्स कंपनीची, मध्यवर्ती यंत्रणा सी-डॉटची आणि सारी जुळणी टीसीएसची आहे. सी-डॉट ही १९८४ साली स्थापन झालेली सरकारी संस्था. तिच्याच ग्रामीण एक्स्चेंजमुळे खेड्यापाड्यांत टेलिफोन पोहोचला. तेजस २००० साली सुरू झाली आणि २०२१ मध्ये टाटा समूहाने ती ताब्यात घेतली. एक लाख टॉवरांच्या रेडिओ यंत्रांसाठी २०२३ मध्ये तिला सुमारे साडेसात हजार कोटींचे काम मिळाले. हा पैसा शेवटी सरकारी तिजोरीतला, म्हणजे जनतेचा.

आता रोजगाराचे पाहा. टेलिफोन खात्यात लाइनमन, ऑपरेटर, ज्युनिअर इंजिनिअर म्हणून राखीव जागांवर लागलेल्या माणसांनी एक पिढी वस्तीतून वर आणली. १ ऑक्टोबर २००० रोजी खात्याचे निगम झाले. जानेवारी २०२० अखेर निगमचे ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. त्यात आपली माणसेही होती. काम मात्र संपले नाही, ते खासगी कंपन्यांकडे गेले. तेथे आरक्षण नाही. कंत्राटाला जनतेचा पैसा चालतो, मग नोकरीत जनतेचे प्रतिनिधित्व का चालत नाही?

याचा अर्थ आपण यंत्राच्या विरोधात आहोत असा मुळीच नाही. 'काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले?' या १९४५ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधाची चिरफाड केली आहे. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते आणि फुरसतीशिवाय सुसंस्कृत जीवन नाही. दोष यंत्राचा नाही, खासगी मालकीला पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे, असे त्यांचे म्हणणे. म्हणूनच १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी मागणी केली. आजच्या काळात दूरसंचाराहून मूलभूत ते काय?

अहिल्यानगर जिल्ह्यात हा प्रश्न पोटाचा आहे. रेशन दुकानातल्या पॉस मशीनमध्ये मोबाईलसारखेच सिमकार्ड असते. गरीब माणूस अंगठा ठेवतो, तो ठसा टॉवरवरून दूरच्या सर्व्हरकडे जातो आणि तिकडून होकार आला तर धान्य मिळते. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या ऊसतोड कामगारांना या यंत्रामुळे परगावीही आपल्या कार्डावर धान्य उचलता येते, हा फायदा मोठाच आहे. पण अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या कड्याआड रेडिओ लहरी अडतात. तेथल्या आदिवासी वाडीत रेंज गेली किंवा कोयत्याने झिजलेला अंगठा मशीनने ओळखला नाही, तर शिक्षा कोणाला? १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामांवरही मोबाईल ॲपने हजेरी सक्तीची झाली. दिवसातून दोनदा फोटो चढवायचा. घाम मजुराचा, पण साक्ष मात्र टॉवरची!

आणि टॉवर आला म्हणून जात जात नाही. याच जिल्ह्यात, शिर्डीत, मे २०१५ मध्ये एका दलित विद्यार्थ्याचा जीव घेतला गेला. कारण काय, तर त्याच्या मोबाईलवर बाबासाहेबांच्या गीताची रिंगटोन वाजली. लहरी जात विचारत नाहीत, पण फोन ज्या समाजात वाजतो तो समाज विचारतो.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. सरकारी पैशावर यंत्रे पुरवणाऱ्या प्रत्येक कंपनीला नोकरभरतीत अनुसूचित जाती, जमाती व ओबीसींचे प्रतिनिधित्व बंधनकारक करा. दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून दुर्गम भागासाठी २००२ पासून निधी जमतो. आज त्याचे नाव 'डिजिटल भारत निधी' आहे. सुमारे १८,९०० नवे टॉवर त्याच पैशातून उभे राहिले. त्यातले आपल्या तालुक्यात किती आणि वाडी-वस्तीला किती, हे माहितीच्या अधिकारात विचारा. आधार किंवा अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये, असे केंद्राच्या अन्न विभागाने ऑक्टोबर २०१७ मध्येच कळवले आहे. दुकानदार हात वर करू लागला तर हे त्याला ठणकावून सांगा, तहसीलदाराकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या.

चवदार तळ्याचा लढा पाण्यापुरता नव्हता. सार्वजनिक ते सर्वांचे, हा त्याचा अर्थ होता. जनतेच्या पैशावर उभा राहिलेला टॉवरही सार्वजनिकच आहे. त्यातला वाटा कोणी आणून देणार नाही. तो संघटित होऊनच घ्यावा लागेल.