पुनर्वसनाचा संशोधक यवतमाळात घडावा

विदर्भातील आदिवासी आणि दलित वस्त्यांना सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक विकार पिढ्यान्‌पिढ्या भोगावा लागत असला, तरी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ वर नेले, तेव्हा कोठे त्याची गणना अपंगत्वात झाली. विळ्याच्या आकाराच्या झालेल्या तांबड्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात, खुब्यातला हाडाचा गोळा रक्ताअभावी मरू लागतो, आणि कापूस वेचताना दिवसभर ज्याने वाकायचे त्या झरी जामणीच्या किंवा मारेगावच्या तरुणाला ऐन पंचविशीत ओसरीची पायरी चढणे जड जाते. त्याला दाखला मिळतो, दाखल्यावर टक्केवारी लिहिली जाते, चाळीस टक्क्यांची अट पुरी झाली तर सवलतीही लागू होतात. परंतु या खुब्यानिशी त्याने शेतातले कोणते काम कोणत्या पद्धतीने करावे, कोलाम आदिवासींच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, दवाखान्यापर्यंतची वाट कशी चालावी, हे प्रश्न त्याच्याच मुलुखात राहून वर्षानुवर्षे अभ्यासणारा मनुष्य घडविण्याची जबाबदारी मात्र कोणी अंगावर घेतलेली दिसत नाही.

२०१७ च्या हंगामात याच यवतमाळ जिल्ह्यात पाठीवर पंप घेऊन कपाशीवर फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने दगावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले, कित्येकांच्या दृष्टीला बाधा पोहोचली. चौकशी झाली, अहवाल सादर झाले. पण वाचलेल्यांच्या नजरेचे आणि अंगातल्या बळाचे पुढे काय होते, हे दर सहा महिन्यांनी दारी जाऊन तपासणे हे चौकशी-समितीचे काम नव्हे. ते जवळच्या विद्यापीठातील प्रशिक्षित संशोधकाचे काम आहे.

अमेरिकेत संघराज्य सरकार पुनर्वसन-संशोधनाच्या प्रगत प्रशिक्षणासाठी विद्यापीठांना अनुदान देते, आणि कृष्णवर्णीय, मूळनिवासी व अन्य अल्पसंख्य समाजांतील विद्यार्थी जेथे मोठ्या संख्येने शिकतात त्या विद्यापीठांचा त्यात स्वतंत्र विचार केला गेला आहे. तो पैसा संस्थेला मिळतो, म्हणजे विद्यार्थ्याच्या निर्वाहाबरोबर मार्गदर्शक आणि अनेक वर्षांची शिस्तही उभी राहते. आपल्याकडे दिव्यांग संशोधकांसाठी वर्षाला २०० आणि अनुसूचित जमातींसाठी ७५० राष्ट्रीय अधिछात्रवृत्तींची तजवीज आहे. अल्पसंख्याकांसाठीची मौलाना आझाद अधिछात्रवृत्ती २०२२ मध्ये बंद करण्यात आली, ही खेदाची गोष्ट. परंतु या सर्व वृत्ती व्यक्तीला मिळतात, आणि पुनर्वसनाचा मार्गदर्शकच जवळ नसेल तर पांढरकवड्याच्या हुशार मुलीने ती वृत्ती घेऊन मुंबईपुण्याकडेच जावे, हे ठरून जाते.

त्यातही एक अडचण अशी, की यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेत, तर समाजकार्य व मानसशास्त्र हे विषय अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. पुनर्वसन या दोहोंच्या सीमेवरचा विषय असल्यामुळे त्याला हक्काचे दप्तर मिळत नाही.

जवळ राहून केलेल्या संशोधनाचे फळ काय असते, हे जयपूर पायाने १९६८ च्या सुमारास दाखवून दिले. परदेशी कृत्रिम पाय बूट घालणाऱ्याकरिता होता, डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी उकिडवे बसणारा, मांडी घालणारा, अनवाणी चिखल तुडवणारा माणूस समोर ठेवून रबराचा पाय घडविला. ती दृष्टी सिकलसेलच्या खुब्याला आणि कोलामी बोलणाऱ्या घरातील उशिरा बोलू लागलेल्या मुलाच्या तपासणीलाही हवी. त्या मुलाची परीक्षा त्याला न समजणाऱ्या मराठीत घेऊन त्याला मतिमंद ठरविणे हा अन्याय आहे.

पैशाची वाट मुळीच नाही असे म्हणता येणार नाही. दिव्यांगांच्या पुनर्वसनासाठी शासनाने संशोधन करावे किंवा करवावे, असे २०१६ च्या कायद्याचे कलम २८ सांगते. डिसेंबर २०२२ पासून राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे. स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाचे असतात. आणि पांढरकवडा व पुसद येथे आदिवासी विकास प्रकल्पाची कार्यालये आहेत. दिव्यांग कल्याण विभागाने आणि दोन्ही विद्यापीठांनी एकत्र बसून यवतमाळात पुनर्वसन-संशोधनाचे एक केंद्र मंजूर करावे, त्यात कोलाम, गोंड, बंजारा, मुस्लिम आणि स्वतः दिव्यांग असलेल्या विद्यार्थ्यांना पाच वर्षांच्या निश्चित वेतनावर घ्यावे, आणि या मागणीचा ठराव जिल्ह्यातील प्रत्येक ग्रामसभेने करून वर पाठवावा, एवढी विनंती आहे.