फॅटी लिव्हर : भीती चुकीच्या गोळीची

पोटाच्या सोनोग्राफीत ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’ असे आले, की पुष्कळ घरांत पहिली कुऱ्हाड कोसळते ती कोलेस्टेरॉलच्या गोळीवर. ‘लिव्हरवर परिणाम होतो’ म्हणून स्टॅटिन परस्पर बंद होते आणि ओळखीच्या कुणीतरी सुचवलेला ‘लिव्हर साफ करणारा’ काढा सुरू होतो. चालू ठेवायचे ते बंद आणि टाळायचे ते चालू, असा हा प्रकार.

फॅटी लिव्हर असलेल्यांमध्ये मृत्यूचे सर्वांत मोठे कारण यकृत नसून हृदयविकार आहे. स्टॅटिन त्यापासूनच संरक्षण देते. एसजीपीटी थोडे वाढलेले असले तरी ही गोळी सहसा चालते. यकृत निकामी होऊन पोटात पाणी साठू लागले असेल, तर मात्र गोष्ट वेगळी.

काढ्यांचे तसे नाही. करोनाकाळात गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची माहिती मुंबईतील यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. वाद बाजूला ठेवला तरी पुडीत नेमके काय आणि किती आहे, हे माहीत नसताना ती रोज घेणे धोक्याचेच.

खरोखर जपून घ्यायची औषधे वेगळी. संधिवात आणि सोरायसिससाठी दिले जाणारे मेथोट्रेक्सेट हे त्यातले एक. लठ्ठपणा, मधुमेह किंवा दारूची जोड असेल तर या औषधाने यकृतात व्रण साठण्याचा धोका वाढतो. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, हेही अनेकदा विसरले जाते.

क्षयरोगाच्या उपचारातली आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही औषधे यकृताला इजा करू शकतात. म्हणून पहिल्या गोळीच्या आधी रक्ताची तपासणी हवी. फॅटी लिव्हरमध्ये एसजीपीटी मुळातच ६०-७० असू शकते. तो आकडा नोंदलेला नसेल तर महिन्याभराने आलेल्या ८५ चा दोष औषधाला दिला जातो आणि चांगला चाललेला उपचार थांबतो. प्रत्यक्षात लक्षणे नसतील, तर एसजीपीटी सर्वसाधारण मर्यादेच्या पाचपटीवर गेल्याशिवाय ही औषधे सहसा थांबवत नाहीत; लक्षणे असतील तर तिपटीवरच थांबवतात.

ताप-अंगदुखीला पॅरासिटामॉल योग्य प्रमाणात चालते. मात्र सर्दीच्या अनेक गोळ्यांतही तेच असते, त्यामुळे नकळत दुप्पट डोस पोटात जातो. निरोगी प्रौढासाठीही दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा. यकृताचा आजार किंवा रोजची दारू असेल तर ती बरीच खाली येते.

कोणतेही औषध चालू असताना अन्नावरची वासना उडाली, सतत मळमळ-उलट्या होऊ लागल्या, लघवी गर्द पिवळी झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत; काढ्याची पुडी आणि जिमच्या पावडरचा डबासुद्धा.