पीअर-टू-पीअर कर्जांची दुय्यम बाजारपेठ

पीअर-टू-पीअर कर्जांची दुय्यम बाजारपेठ म्हणजे ऑनलाइन मंचावरून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीस दिलेले कर्ज मुदत संपण्यापूर्वी तिसऱ्या व्यक्तीस विकण्याची व्यवस्था होय. अशा विक्रीत ऋणको, व्याजदर व हप्ते बदलत नाहीत. परतफेड मिळण्याचा हक्क तेवढा नव्या धनकोकडे जातो. येणे रक्कम मुदतीपूर्वी विकून रोकड उभी करण्याची पद्धत जुनी असून वऱ्हाडच्या कापूस व्यापारात ती हुंडीच्या रूपाने रूढ होती.

स्वरूप

कर्जाची विक्री-किंमत उर्वरित मुदत, ऋणकोची पत व चालू व्याजदर यांवर ठरते. समजा, १०,००० रुपयांच्या कर्जावर वर्षअखेर १२ टक्के व्याजासह ११,२०० रुपये मिळणार आहेत. खरेदीदारास १६ टक्के परतावा हवा असल्यास तो सुमारे ९,६५५ रुपयेच देईल. विक्रेत्याने सोडलेल्या या फरकास वटाव म्हणतात. हप्ते थकलेल्या कर्जावर वटाव वाढतो किंवा खरेदीदारच मिळत नाही.

वऱ्हाडातील पूर्वपीठिका

१८६७ मध्ये लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचल्यावर अकोला आणि अमरावतीजवळील बडनेरा ही ठिकाणे मुंबईशी जोडली गेली. कारंजा (सध्या वाशीम जिल्हा) येथे १८८६ मध्ये नियमित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. हंगामात खरेदीसाठी रोकड तत्काळ लागे, विकलेल्या मालाचे पैसे मात्र उशिरा हाती येत. हे अंतर हुंडीमुळे भरून निघे.

दर्शनी हुंडीची रक्कम हुंडी दाखविताच, तर मुदती हुंडीची रक्कम ठरलेल्या मुदतीनंतर देय असे. मुदती हुंडी धारकास वटाव देऊन सावकारास विकता येई. देशी भाषांतील हुंड्यांबाबतच्या स्थानिक रूढी १८८१ च्या चलनक्षम दस्तऐवज कायद्याने कायम ठेवल्या.

दोन्ही व्यवहारांत एक महत्त्वाचा भेद आहे. हुंडी न सकारली गेल्यास ती बेचान करून देणाऱ्यावरही जबाबदारी येई. म्हणून खरेदीदार विक्रेत्याचीही पत पाहत असे. पीअर-टू-पीअर कर्ज विकणाऱ्यावर सामान्यतः अशी जबाबदारी राहत नाही व बुडिताचा धोका पूर्णतः खरेदीदाराकडे जातो.

परदेशांतील अनुभव

अमेरिकेतील लेंडिंग क्लबच्या कर्जरोख्यांची खरेदी-विक्री २००८ पासून स्वतंत्र दलालामार्फत होत असे. कंपनीने २०२० च्या अखेरीस किरकोळ गुंतवणूकदारांसाठीचे रोखे बंद केले. ब्रिटनमधील फंडिंग सर्कलने कोविड-१९ साथीच्या काळात, एप्रिल २०२० मध्ये दुय्यम विक्री थांबवली. पैशांची निकड वाढली असताना बाहेर पडण्याचा मार्गच बंद झाल्याने या बाजारपेठेची मर्यादा उघड झाली.

भारतातील नियमन

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १३० नुसार येणे रकमेचा हक्क लेखी व स्वाक्षरीत दस्तऐवजाने हस्तांतरित करता येतो. मात्र मंचांसाठी भारतीय रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०१७ रोजी निर्देश जारी केले. त्यांनुसार कर्जाची मुदत कमाल ३६ महिने असून एका धनकोस एका ऋणकोस ५०,००० रुपयांपर्यंतच कर्ज देता येते. सर्व मंचांवर मिळून धनकोची एकूण मर्यादा २०१९ मध्ये १० लाखांवरून ५० लाख रुपये करण्यात आली.

काही मंच हवे तेव्हा पैसे काढण्याची सोय देऊ करीत. प्रत्यक्षात नव्या धनकोच्या रकमेतून जुन्या धनकोस पैसे दिले जाण्याची शक्यता त्यात होती. १६ ऑगस्ट २०२४ च्या सुधारित निर्देशांनी एका धनकोचा निधी दुसऱ्या धनकोस बदलण्यासाठी वापरण्यास मनाई केली. कर्जव्यवहार हमी परताव्याचे किंवा मुदतपूर्व रोकड देणारे गुंतवणूक साधन म्हणून पुढे करण्यासही बंदी घातली.

परिणामी धनकोस रक्कम सामान्यतः ऋणकोच्या हप्त्यांतूनच परत मिळते. बँकेतील ठेवींना असलेले विमा संरक्षण या कर्जांना नाही. मुद्दल किंवा व्याज बुडाल्यास तोटा धनकोनेच सोसावयाचा असतो.

हेही पहा

हुंडी
सावकारी
भारतीय रिझर्व्ह बँक